चाक बदलतांना जॅक कां घसरतो?

आमच्या बहुतेक वाचकांच्या दारांत आज बैलगाडीच्या जागीं मोटार किंवा लहान मालगाडी उभी आहे. बैलगाडीची देखरेख वाडवडिलांपासून अंगवळणीं पडलेली होती. आखास वंगण केव्हां द्यावें, धाव सैल झाली हें कोणत्या आवाजावरून ओळखावें, गाडीस टेकू देऊन चाक कसें उतरावें, हें घरांतील मुलांस कोणी मुद्दाम न शिकवितां येत असे. मोटारीचें तसें नाहीं. ती चालवावयास आपण शिकतों, परवाना काढतों. परंतु वाटेंत चाकाची हवा गेली असतां तें कसें बदलावें, हें पुष्कळांनीं एकदांहि नीट करून पाहिलेलें नसतें. मग अवेळीं, पावसांत, घाईघाईनें तें करण्याचा प्रसंग येतो व जॅक घसरतो. पंक्चर काढावयास लागले असते शंभर-दीडशें रुपये. त्याऐवजीं गाडीचा पत्रा, ब्रेकची नळी किंवा दाराची चौकट यांवर हजारों रुपये खर्चावे लागतात. आणि यापेक्षांहि वाईट म्हणजे, हातापायांवर बेततें.

हें आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. गतवर्षीं भाद्रपदांत आम्ही अकोल्याहून राजुरास येत होतों. कोल्हार-घोटी रस्त्यावर विठा घाट मागें टाकल्यावर गाडीचें पुढचें डावें चाक बसलें. गाडी आम्हीं साइडपट्टीवर घेतली. जागा किंचित् उताराची होती, हें आम्हांस दिसत होतें. परंतु गाडी पहिल्या गिअरमध्यें घातली आहे, हातब्रेक ओढला आहे, एवढ्यावर आम्ही निश्चिंत राहिलों. जॅक मुरमावर ठेवला, गाडी उचलली, चाक काढलें. आमच्याबरोबर असलेला शेजारचा मुलगा स्टेपनी आणावयास उठला आणि त्याच क्षणीं गाडी चार बोटें पुढें सरकली. जॅक आडवा झाला. गाडी खालीं आदळली, ब्रेकची तबकडी दगडावर बसली, आणि जॅकचें डोकें दाराखालच्या पत्र्यांत शिरलें. तो मुलगा अर्ध्या मिनिटापूर्वीं त्याच चाकाच्या घरांत हात घालून बसला होता.

गाडी दुरुस्त झाली. मुलासहि कांहीं झालें नाहीं. परंतु हें झालें कसें, याचा विचार करूं लागल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, जॅकचा दोष यांत मुळींच नव्हता. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. गाडी धरून ठेवण्याचें काम जमीन, अटकण व गाडीखालची योग्य जागा या तिघांचें आहे. या तिहींपैकीं एक चुकलें कीं जॅक कितीहि मजबूत असो, तो पडतोच. या तीन गोष्टींचा क्रमानें विचार करूं.

जमीन

लहान मोटारीचें वजन सुमारें एक हजार किलो धरूं. तिचा पुढचा एक कोपरा उचलतांना जॅकवर अदमासें साडेतीनशें किलो भार येतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या कैचीसारख्या जॅकची बैठक जेमतेम दहा सेंटिमीटर लांब व सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे सत्तर चौरस सेंटिमीटरांची असते. साडेतीनशेंस सत्तरांनीं भागिलें असतां दर चौरस सेंटिमीटरवर पांच किलो भार पडतो. आतां ओल्या मऊ चिकणमातीचें बळ किती, तें पाहूं. अशा मातीवर घराचा पाया घालतांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो भारच सुरक्षित मानितात. म्हणजे जॅकची बैठक त्या मातीवर पांचपट भार टाकते. ती रुतली नाहीं तरच नवल. शिवाय ती सरळ रुतत नाहीं. एका कडेस दगड व दुसऱ्या कडेस माती अशी साइडपट्टी असते, त्यामुळें बैठक एका बाजूस कलते, आणि जॅक तिरपा झाला कीं त्याचें बळ संपलें.

यास उपाय फार स्वस्त आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद व दोन इंच जाड असा चांगल्या लांकडाचा फळीचा तुकडा डिक्कींत कायमचा टाकून ठेवावा. त्याचें क्षेत्रफळ सुमारें नऊशें चौरस सेंटिमीटर भरतें. तोच साडेतीनशें किलो भार त्यावर पसरला असतां दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोहूनहि कमी येतो. भातखाचरांत चिखल तुडवीत जाणारा गडी बांधावर फळी टाकून पोतीं कां नेतो, त्याचेंच हें गणित आहे. फळी मात्र जाड हवी. पातळ फळी मधोमध वांकते, तडकते व भार पुन्हां बैठकीखालींच एकवटतो. तुटकी फरशी किंवा वीट कधींहि वापरूं नये. ती भाराखालीं अकस्मात् फुटते.

आमच्या भागांत या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. राजुराच्या पश्चिमेस भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या बाजूस जो पाऊस पडतो, त्याच पावसावर 1926 सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण दरसाल भरत आलें आहे. त्या पावसांत रस्त्याच्या कडेचा मुरूम वरून घट्ट दिसतो, परंतु आंतून मऊ झालेला असतो. उन्हाळ्यांतहि गाफील राहूं नये. भर दुपारीं तापलेल्या डांबरांतसुद्धां जॅकची बैठक रुतते. म्हणून बारा महिने फळी घालावी, हा नियमच करावा.

अटकण

दुसरी गोष्ट गाडी सरकण्याची. वीस फुटांस एक फूट असा उतार डोळ्यांस जवळजवळ सपाटच भासतो. परंतु अशा उतारावर हजार किलोंची गाडी पन्नास किलोंच्या जोरानें खालीं ओढली जात असते. ही ओढ कोण थोपवितें? आपण म्हणतों, गिअर व हातब्रेक. येथेंच बहुतेकांची फसगत होते, म्हणून हें जरा विस्तारानें सांगतों.

मोटार वळण घेते तेव्हां बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. बैलगाडीचीं चाकें आखावर वेगवेगळीं फिरतात, म्हणून तिला याची अडचण नसते. मोटारींत दोन्ही चाकांस एकाच इंजिनाचें बळ पोंचवावयाचें असल्यामुळें त्यांच्या मध्यें दात्यांची एक योजना असते. तिला डिफरन्शिअल म्हणतात. तिच्या योगें एक चाक कमी व दुसरें अधिक फिरूं शकतें. आतां गाडी गिअरमध्यें उभी आहे व इंजिन बंद आहे. दोन्ही चाकें जमिनीवर आहेत तोंवर इंजिनाचा अडथळा त्यांस फिरूं देत नाहीं. परंतु त्यांतील एक चाक उचललें कीं तें मोकळें होतें. मग जमिनीवरचें चाक पुढें फिरूं लागलें असतां उचललेलें चाक तितकेंच उलट फिरतें, आणि मधली गिअरपेटी जागची हालतहि नाहीं. म्हणजे ज्या दोन चाकांस इंजिनाचें बळ मिळतें, त्यांतील एक उचलतांच गिअरचा आधार नाहींसा होतो.

हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाचें बळ पुढच्या चाकांस मिळतें, व हातब्रेक मागच्या चाकांस लागतो. त्यामुळें पुढचें चाक उचललें तर गिअर निरुपयोगी होतो व सगळी भिस्त हातब्रेकवर राहते. आमच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. हातब्रेकची तार सैल झाली होती, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु घाटांत पायब्रेक चांगला लागतो ना, म्हणून तिच्याकडे आम्हीं दुर्लक्ष केलें होतें. तें दुर्लक्ष त्या दिवशीं भोंवलें. मागचें चाक उचललें तर गिअर उपयोगीं पडतो, पण हातब्रेक एकाच चाकावर राहतो.

माल वाहणाऱ्या पिकअप गाडीची स्थिति याहून नाजूक आहे. तिच्यांत इंजिनाचें बळहि मागच्या चाकांस व हातब्रेकहि मागच्याच चाकांस. मागचें एक चाक उचललें कीं गिअर गेला, आणि हातब्रेक एका चाकापुरता उरला. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपचा हातब्रेक तर चाकांवर नसून मधल्या फिरत्या दांड्यावर असे. त्या जीपचें मागचें चाक उचललें असतां वर सांगितल्याच कारणानें तो ब्रेकहि कुचकामी होई. तशा बांधणीची जुनी जीप ज्यांच्याकडे अद्याप असेल, त्यांनीं हें विसरूं नये.

आतां गाडी किती सरकली असतां जॅक पडतो, तेंहि पाहूं. जॅकची बैठक आठ सेंटिमीटर रुंद असेल, तर तिचा मध्य कडेपासून चार सेंटिमीटरांवर आला. गाडी सरकते तेव्हां जॅकचें डोकें तिच्याबरोबर जातें व बैठक जागींच राहते. डोकें चार सेंटिमीटर पुढें गेलें कीं भार बैठकीच्या कडेबाहेर पडतो, आणि जॅक उलथतो. दोन फूट उंचीच्या चाकाचा घेर एकशें नव्वद सेंटिमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे जमिनीवरचीं चाकें आपल्या फेऱ्याचा सुमारें पन्नासावा हिस्सा फिरलीं न फिरलीं तोंच सर्व कारभार आटोपतो. गाडी सरकतांना दिसली म्हणजे धरूं, असें म्हणणाऱ्यास धरावयास वेळच मिळत नाहीं.

उपाय जुनाच आहे. बैलास नाल मारावयाचे असले म्हणजे आपण आधीं त्याचे पाय बांधतों, मग नाल ठोकतों. कितीहि गरीब बैल असला तरी हा क्रम कोणी बदलीत नाहीं. मोटारीचे पाय बांधणें म्हणजे चाकास अटकण लावणें. जें चाक उचलावयाचें, त्याच्या कोनाकोनी असलेल्या चाकास, म्हणजे पुढच्या डाव्यास उचलतांना मागच्या उजव्यास, पुढून व मागून अशा दोन्हीं बाजूंनीं अटकण लावावी. यासाठीं बाभळीच्या दोन पाचरी करून फळीबरोबरच ठेवाव्या. वाटेंतला गोल धोंडा लावूं नये. चाक त्यावर चढतें किंवा त्यास लोटून देतें. पाचरीच्या उताराची बाजू चाकाच्या अंगास घट्ट भिडली पाहिजे. उतार डोळ्यांस दिसण्यासारखा असेल तर पाचरीवरहि विसंबूं नये. बसलेल्या चाकावरच गाडी सावकाश शंभर पावलें नेऊन सपाट जागा गांठावी. त्यांत टायर खराब झाला तरी तो एकच टायर जातो.

जागा

तिसरी गोष्ट गाडीखालीं जॅक कोठें लावावा ही. जुन्या मोटारीस लोखंडी चौकट असे व तिच्यावर पत्र्याची पेटी बसविलेली असे. पिकअप गाड्या अजूनहि तशाच असतात. परंतु हल्लींच्या बहुतेक मोटारींत वेगळी चौकट नसून पत्र्याची पेटी हीच चौकट असते. पातळ पत्रे वळवून, एकमेकांस जोडून तिला बळ आणलेलें असतें. असें बळ सर्वत्र सारखें नसतें. दाराखालीं जो पत्र्याचा उभा काठ दिसतो, त्यावर पुढच्या चाकाच्या मागें व मागच्या चाकाच्या पुढें दोन दोन खांचा केलेल्या आढळतील. त्या खांचांमधील जागा आंतून जाड पत्र्यानें भरीव केलेली असते. जॅकच्या डोक्यांतील फट त्या काठावर बरोबर बसावी, अशीच ती बनविलेली असते. कांहीं गाड्यांस तेथें बाण किंवा त्रिकोण उठविलेला असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत तिचें चित्र दिलेलें असतें. तें एकदां घरीं असतांना पाहून ठेवावें.

या जागेपासून वीतभर जरी चुकलें तरी काय होतें तें ऐका. काठ दुमडतो. त्यावरचा रंग तडकतो. जॅक आणखी आंत लावला तर पायाखालचा पत्रा वर उचलला जातो, कधीं फाटतोहि. पत्र्याखालून ब्रेकच्या तेलाची व इंधनाची नळी जाते; ती चेपली तर गाडी वरून धड दिसते आणि पुढच्या घाटांत ब्रेक दगा देतो. इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यास जॅक लावणारे लोकहि आम्हीं पाहिले आहेत. तें भांडें पातळ असतें व एका दाबानें फुटतें. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर बॅटरीची पेटी बहुधा पायाखालच्या पत्र्यालगतच पसरलेली असते. तिला जॅकचा धक्का लागला तर नुकसान पत्र्यापुरतें राहत नाहीं. अशा गाडीस पुस्तकांत दाखविलेल्या जागेशिवाय कोठेंहि जॅक लावूं नये.

पिकअप गाडीस बाटलीच्या आकाराचा तेलावर चालणारा जॅक असतो. लहान दट्ट्यावर थोडा दाब दिला कीं तेलाच्या योगें मोठ्या दट्ट्यावर त्याच्या अनेक पटींनीं बळ उत्पन्न होतें. या तत्त्वावरचें दाबयंत्र इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें 1795 सालीं प्रथम आपल्या नांवावर नोंदविलें. असा जॅक बळकट खरा, पण त्याचें डोकें लहान व गुळगुळीत असतें. तें गोल आखाच्या मधोमध लावलें तर घसरतें. पाट्यांची बैठक जेथें आखावर बसते, तिच्या लगत तें टेकवावें. भरल्या गाडीस जॅक लावणें हा तर आत्मघात होय. टोमॅटोचे क्रेट उतरावयास अर्धा तास मोडतो म्हणून माल तसाच ठेवून गाडी उचलणारे पुष्कळ आहेत. जॅक फुटला म्हणजे मालहि जातो व वेळहि.

कामाचा क्रम

वरील तीन गोष्टी साधल्या म्हणजे उरलेलें काम सोपें आहे. तें पुढील क्रमानें करावें.

प्रथम सर्व मंडळींस खालीं उतरवून रस्त्यापासून दूर उभें करावें व गाडीचे इशाऱ्याचे दिवे लावावे. हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्यें घालावी. दोहोंचा आधार अपुरा असला तरी तो सोडूं नये. मग पाचरी लावाव्या. त्यानंतर, चाक अजून जमिनीवर असतांनाच, सर्व नट अर्धा फेरा सैल करावे. हें फार महत्त्वाचें आहे. गंजलेला नट सोडवितांना आपण पान्ह्यावर अंगाचा सगळा जोर टाकतों, कधीं त्यावर उभे राहतों. गाडी उचललेली असतांना असा हिसका दिला कीं ती जॅकवरून उतरलीच म्हणून समजावें.

नंतर फळी ठेवून, जॅक उभा करून, त्याचें डोकें खांचांमधील काठास टेकेपर्यंत हातानें फिरवावें. येथें थांबून दोन पावलें मागें सरावें व जॅक सरळ उभा आहे कीं नाहीं हें पुढून आणि बाजूनें, अशा दोन्ही अंगांनीं पाहावें. तिरपा वाटला तर खालीं घेऊन पुन्हां लावावा. गाडी दोन बोटें उचलल्यावर पुन्हां एकदां थांबून पाहावें. मग चाक जमिनीपासून सुटेल इतकीच गाडी उचलावी. हवा भरलेली स्टेपनी बसावयास आणखी थोडी उंची लागते, तेवढी द्यावी, अधिक नको. उंची वाढते तसा जॅक अस्थिर होतो.

आतां एक युक्ति सांगतों, ती आम्ही त्या प्रसंगानंतर कधींच चुकवीत नाहीं. काढलेलें चाक दूर न टाकतां तें गाडीच्या काठाखालीं, जॅकशेजारीं, आडवें सरकवून ठेवावें. चाक काढण्यापूर्वीं तेथें स्टेपनी ठेवावी व नंतर अदलाबदल करावी. दैवयोगानें जॅक पडला तर गाडी त्या चाकावर टेकते, ब्रेकच्या तबकडीवर आदळत नाहीं, आणि माणसाचा हात चिरडण्याचें मोठें भय टळतें. तरीहि गाडीखालीं डोकें किंवा धड कधींहि घालूं नये. गाडीखालीं शिरण्याचें काम असेल तर लोखंडी स्टँड लावल्यावांचून तें करणें गुन्हाच समजावा.

चाक बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमानें हातानें आवळावे, गाडी खालीं घ्यावी, आणि चाक जमिनीस टेकल्यावर ते पान्ह्यानें घट्ट करावे. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर ते पुन्हां एकदां आवळून पाहावे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पंक्चरास जॅक लागतोच असें नाहीं. ट्यूब नसलेल्या टायरांत खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते. अशा वेळीं बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपानें हवा भरून जवळचें दुकान गांठतां येतें, किंवा चाक न काढतां भोंकांत रबराची वात भरतां येते. केंद्र सरकारनेंहि 2020 सालीं नियमांत बदल करून, असे टायर, दुरुस्तीचा संच व हवेचा दाब दाखविणारी योजना असलेल्या लहान प्रवासी गाड्यांस स्टेपनी बाळगण्याची सक्ति काढून टाकली. जो जॅक लावावाच लागला नाहीं, तो घसरतहि नाहीं.

जॅक पडलाच तर

इतकें करूनहि अपघात घडला, तर पहिली गोष्ट म्हणजे कोणीहि गाडीस हात लावूं नये. चार माणसांनीं चाकावरचा पत्रा धरून गाडी उचलण्याचा प्रयत्न करणें धोक्याचें आहे; पत्रा वांकतो, बोटें कापतात व गाडी पुन्हां सरकते. आधीं अटकण पक्की करावी. मग दुसरा जॅक मिळवून तो शेजारच्या सुरक्षित जागीं लावावा व गाडी हळूहळू वर घ्यावी.

स्टेपनी बसविल्यावर लगेच निघूं नये. गाडीखालीं ओल आहे का, इंधनाचा वास येतो का, हें पाहावें. ब्रेक पांचसहा वेळां दाबावा. तो पायाखालीं मऊ लागला किंवा खालींच गेला तर गाडी जागची हलवूं नये, ओढून न्यावी. दार नेहमींप्रमाणें लागतें का, तेंहि पाहावें. दाराची फट एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास अरुंद झाली असेल, तर इजा काठापुरती नसून पेटीच्या बांध्यापर्यंत पोंचली आहे असें समजावें. ब्रेकची तबकडी आदळली असेल तर चालतांना ब्रेक दाबल्यावर पाय थरथरतो. ती तपासून घ्यावी.

काठ नुसता दुमडला, तर पुष्कळजण तो तसाच राहूं देतात; कारण तो वरून दिसत नाहीं. ही चूक महाग पडते. रंग तडकलेल्या जोडांत पावसाचें पाणी शिरतें, आंतल्या पोकळींत ओल धरून राहते, व दोनतीन पावसाळ्यांत पत्रा आंतून खाल्ला जातो. मग तोच काठ पुढच्या वेळीं जॅकखालीं चुरगळतो. म्हणून दुमडलेला भाग सरळ करून घ्यावा, कोरडा करावा, गंज खरवडून अस्तराचा रंग व त्यावर दुसरा रंग द्यावा, आणि आंतल्या पोकळींत मेणाचें गंजरोधक फवारून घ्यावें. हें काम त्याच आठवड्यांत केलें तर थोडक्यांत भागतें.

विम्याविषयीं दोन शब्द. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें जो विमा सक्तीचा केला आहे, तो इतरांच्या नुकसानीपुरता असतो. त्यांतून स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीचाहि विमा उतरला असेल तर बाहेरील अपघातानें झालेली इजा सामान्यतः त्यांत येते. नुसती यंत्रांतील मोडतोड येत नाहीं, आणि टायराची भरपाई गाडीस त्याच वेळीं इजा झाली असेल तरच व तीहि निम्मी मिळते. गाडी हलविण्यापूर्वीं जागेवरच चारसहा छायाचित्रें घेऊन ठेवावीं व विमा कंपनीस ताबडतोब कळवावें. नुकसान अगदीं किरकोळ असेल तर मात्र हिशेब करावा. भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यांत जी सूट मिळते, ती पहिल्या वर्षास शेंकडा 20 पासून वाढत शेंकडा 50 पर्यंत जाते. दोन हजारांच्या मागणीपायीं ती सूट घालविणें शहाणपणाचें नव्हे.

एक फळी, दोन पाचरी, आणि अर्ध्या तासाचा सराव, एवढीच या सर्वांची किंमत आहे. आमच्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, या महिन्यांत एखाद्या मोकळ्या सकाळीं आपल्या अंगणांत, सपाट जागीं, घरांतील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास बरोबर घेऊन, एक चाक काढून पुन्हां बसवावें. जॅक चालतो कीं नाहीं, पान्हा नटास बसतो कीं नाहीं, स्टेपनींत हवा आहे कीं नाहीं, आणि हातब्रेकची तार ताणलेली आहे कीं नाहीं, हें त्याच वेळीं कळेल. आमच्या गाडीचा हातब्रेक आम्हीं आतां दुरुस्त करून घेतला आहे. शेजारचा तो मुलगा अजूनहि आमच्याबरोबर येतो. गाडी थांबली कीं पाचरी घेऊन प्रथम तोच उतरतो.